सर्पदंशानंतरचा पहिला अर्धा तास पावसाआधीच ठरवून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. पेरण्या सुरू झाल्या की सगळ्याच वृत्तपत्रांच्या तालुका पानांवर ‘सर्पदंशाने मृत्यू’ या मथळ्याच्या चार-सहा ओळींच्या बातम्या येऊ लागतात. कुणाला, कोणत्या शिवारात, किती वाजता साप चावला हे त्यात असते. चावल्यानंतर रुग्णालयात पोहोचेपर्यंत किती वेळ गेला आणि त्या वेळात घरच्यांनी काय काय केले, हे मात्र नसते. ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण पाहणारे आम्ही डॉक्टर आणि परिचारिका त्या मधल्या वेळेबद्दल हे पत्र लिहीत आहोत.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून पुढे आला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. मृतांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक पंधरा वर्षांखालची मुले होती. आणि बहुतेक मृत्यू खेड्यात, राहत्या घरी झाले होते. औषध नव्हते म्हणून ही माणसे गेली असे म्हणता येत नाही. गावात ज्याला ‘सापाची लस’ म्हणतात ते प्रतिविष मुंबईच्या हाफकिनमध्ये आणि नारायणगावातही तयार होते, आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. औषध आणि माणूस यांच्यामध्ये जे अंतर उरते, ते भेदरून केलेल्या गोष्टींनी आणखी वाढते.

साप चावला की घरात एकच कल्लोळ होतो. कुणी सुतळी शोधतो, कुणी ब्लेड, कुणी काठी घेऊन सापाच्या मागे धावतो, कुणी भगताला बोलवायला जातो. यातले कुणीही वाईट हेतूने काही करत नाही. काहीतरी केलेच पाहिजे, या ओढीने माणूस हाताला येईल ते करतो. म्हणूनच यातली प्रत्येक गोष्ट नेमके काय बिघडवते हे आधी, डोके शांत असताना, समजून घ्यायला हवे. त्या वेळी कुणाच्याही कानात काही शिरत नाही.

दोरी हा सर्वांत घातक प्रकार. विष वर चढू नये म्हणून दंडाला किंवा मांडीला सुतळी, साडीची किनार, कधी तर तार आवळतात. घोणस आणि फुरसे यांचे विष जिथे पडते तिथले स्नायू आणि रक्तवाहिन्या नासवते. दोरीने ते तिथेच कोंडले जाते, त्यात रक्तपुरवठाही बंद होतो आणि हात किंवा पाय काळा पडू लागतो. दुसरा धोका दोरी सोडतानाचा. कोंडलेले विष एकदम शरीरात पसरते, रक्तदाब कोसळतो किंवा श्वास अडतो. म्हणून कुणी आधीच दोरी बांधली असेल, तर वाटेत ती कापून टाकू नये. रुग्णालयात सलाइन सुरू करून, प्रतिविष हाताशी ठेवून डॉक्टर ती सोडवतील. ऑस्ट्रेलियात क्रेप बँडेज गुंडाळतात, असे इंटरनेटवर वाचून काही जण तसे करतात. तिथले साप वेगळे आहेत. आपल्याकडे घोणस-फुरशाच्या दंशात दाब दिला तर जागेवरचे नुकसान वाढते, शिवाय ते बँडेज ठरावीक दाबानेच बांधावे लागते आणि घाबरलेल्या हाताला तो दाब साधत नाही.

चीर देऊन रक्त काढणे हे त्याच्या खालोखाल. घोणस किंवा फुरसे चावले असेल तर रक्त गोठण्याची क्रियाच बंद पडू शकते. अशा माणसाला ब्लेड लावले की ती जखम वाहतच राहते. तोंडाने ओढून विष बाहेर येत नाही. बर्फ, पोटॅशियम परमँगनेट, जहरमोहरा (विष शोषतो असे मानला जाणारा दगड), कोंबडीची पिल्ले लावणे, विजेचा झटका यांपैकी कशाचाही विषावर परिणाम होत नाही. ‘कडुनिंबाचा पाला गोड लागला तर विष चढले’ ही परीक्षाही सोडून द्यावी. तिच्यावर भरवसा ठेवून लोक घरीच थांबतात. शिवाय मण्यार किंवा नाग चावलेल्या माणसाला गिळणे अवघड होऊ लागते, आणि तोंडात कोंबलेला पाला श्वासनलिकेत जाऊ शकतो.

सापाच्या मागे धावू नये, त्याला मारून रुग्णालयात आणू नये. मारायला गेलेल्यालाच दंश झाला, असे होते. तुटलेले मुंडकेसुद्धा काही वेळ चावू शकते. मुळात उपचारासाठी साप बघण्याची गरज नसते. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्रच चालते. डॉक्टर लक्षणे पाहून निर्णय घेतात. सुरक्षित अंतरावरून मोबाइलवर फोटो निघाला तर ठीक, नाहीतर त्यासाठी एक मिनिटही घालवू नये. ओळखण्यात चुका फार होतात: बिनविषारी कवड्याला मण्यार समजतात, बिनविषारी डुरक्या घोणशीला घोणस. त्याउलट मण्यारीला कवड्या समजून निर्धास्त बसणे जिवावर बेतते.

तर मग करायचे काय? पहिल्यांदा सापापासून चार पावले दूर होऊन खाली बसायचे किंवा आडवे व्हायचे. सापाचे विष म्हणजे मोठ्या रेणूंची प्रथिने. ती बऱ्याच अंशी लसिकावाहिन्यांतून, म्हणजे पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून पुढे सरकतात, आणि त्या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नसतो. स्नायू हलले की त्यातला द्रव पुढे ढकलला जातो. म्हणजे चावलेला माणूस घराकडे धावत सुटला, तर तो स्वतःच विष पंप करत असतो. म्हणून हाड मोडल्यावर बांधतात तसा तो हात किंवा पाय दोन फळ्यांच्या, काठ्यांच्या किंवा गुंडाळलेल्या जाड वर्तमानपत्राच्या आधाराने बांधायचा. कापडाखाली एक बोट सहज सरकले पाहिजे इतकेच घट्ट. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, करदोरा, घड्याळ लगेच काढायचे. सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि बोट कापायची वेळ येते. जखम चोळायची नाही. चहा, दारू, काढा काही द्यायचे नाही. वेदनेसाठी अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, त्याने रक्तस्राव वाढतो. उलटी होत असेल तर माणसाला डाव्या कुशीवर वळवायचे.

दंशाची वेळ पेनाने कातडीवरच लिहावी. सूज जिथपर्यंत आली आहे तिथे रेघ मारून पुढेही दर पंधरा मिनिटांनी वेळ टाकावी. डॉक्टरांना या रेघांचा फार उपयोग होतो. सूज किती वेगाने चढते आहे हे त्यावरून एका नजरेत कळते.

जवळच्या माणसाने रुग्णाशी काय बोलायचे, तेही ठरलेले असावे. बहुसंख्य दंश बिनविषारी सापांचे असतात: धामण, दिवड, तस्कर, कवड्या. विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. हे खरे आहे, आणि खरे म्हणूनच सांगावे. ‘काही होत नाही, झोप’ असे म्हणून दवाखाना टाळणे हा धीर देणे नव्हे. भीतीचीही लक्षणे असतात: धाप लागते, हाताला व ओठांना मुंग्या येतात, घाम सुटतो, घेरी येते. ती विषाची समजून घरचे अधिकच बिथरतात. विषाची खूण वेगळी दिसते. माणसाला वर बघायला सांगावे, पापण्या उचलता येतात का पाहावे. एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला लावावेत. मघाशी पंचवीसपर्यंत जाणारा आता दहावर थांबत असेल तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. आडवे असताना मान उचलता येते का, थुंकी गिळता येते का, आवाज बदलला का, हे पाहावे. हिरड्यांतून, थुंकीतून, लघवीतून किंवा जुन्या खरचटलेल्या जागेतून रक्त येते का, तेही बघावे. हे सगळे गाडीत बसून करता येते. त्यासाठी घरी थांबायचे नाही.

मण्यारीबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण तिथे धावपळीऐवजी निष्काळजीपणा नडतो. मण्यार रात्री हिंडते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि तो दंश बहुधा दुखत नाही. सूज नाही, दातांचे ठसे शोधूनही सापडत नाहीत. पहाटे माणूस पोटात कळ येते म्हणून उठतो, उलटी होते, घसा दुखतो, सांधे दुखतात. घरचे अपचन समजून ओवा-सोडा देतात. तासाभरात पापण्या जड होतात, बोलणे बोबडे होते. पावसाळ्याच्या दिवसांत खाली झोपलेल्या कुणाच्याही पोटात पहाटे अचानक दुखू लागले, तर, विशेषतः ते लहान मूल असेल तर, मण्यारीचा संशय घेऊनच रुग्णालय गाठावे. तिचे विष नसेच्या टोकाशीच बिघाड करते. एकदा लुळेपणा आला की प्रतिविषाने तो लगेच उतरत नाही, आणि कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. असा रुग्ण डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, बाहुल्याही विस्फारलेल्या असू शकतात, तरी तो आतून जागा असू शकतो आणि त्याला ऐकू येत असते. त्याला मृत समजून घरी नेऊ नये. वाटेत श्वास थांबला आणि नाडी लागत असेल, तर हनुवटी वर करून, नाक दाबून, तोंडाने श्वास देत राहावे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत श्वास चालू ठेवला, तर असे रुग्ण पूर्ण बरे होऊन घरी जातात.

आता रुग्णालयात होणारी घाई. नातेवाइकांचा पहिला आग्रह असतो, ‘आधी सुई द्या.’ प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून बनते आणि त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. म्हणून विषाची लक्षणे दिसल्याशिवाय ते देत नाहीत. रक्ताची साधी तपासणी असते: दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे, मग नळी कलती करायची. रक्त पातळच राहिले तर विष भिनले आहे. नळी काचेचीच हवी, आणि साबणाने धुतलेली नको, नाहीतर चांगले रक्तही गोठत नाही आणि निकाल चुकतो. ही वीस मिनिटे डॉक्टर हात बांधून बसलेत असे वाटून बाहेर आरडाओरडा होतो. ती वाट पाहणे हा उपचाराचाच भाग आहे. पहिली तपासणी चांगली आली तरी ती पुन्हा पुन्हा करावी लागते आणि लक्षणे नसलेल्या रुग्णालाही २४ तास देखरेखीखाली ठेवतात. ‘काही झाले नाही ना, मग सोडा’ म्हणून सही करून घरी नेऊ नये.

लक्षणे दिसली की प्रौढाला सहसा प्रतिविषाच्या ८ ते १० व्हायल (कुप्या), सलाइनमधून, सुमारे तासाभरात. लहान मुलालाही तितक्याच, कारण सापाने सोडलेले विष मुलाचे वजन पाहून कमी होत नाही. ‘एवढ्याशा जिवाला इतका डोस’ असे वाटून अडवू नये. ॲलर्जी आलीच तर ॲड्रेनालिनचे इंजेक्शन मांडीत देऊन ती आटोक्यात आणता येते. ते भरून हाताशी ठेवलेले असते. सह्याद्रीतल्या हिरवा चापडा या सापाच्या विषावर हे प्रतिविष लागू नाही. त्याच्या दंशात वेदना आणि सूज यांवर उपचार करतात.

घाई आमच्या बाजूनेही होते, आणि तीही थांबली पाहिजे. सर्पदंश म्हटले की प्राथमिक आरोग्य केंद्रातून ‘सिव्हिलला न्या’ अशी चिठ्ठी लगेच लिहिली जाते. रुग्ण दगावला तर लोक अंगावर येतील ही त्यामागची भीती. पण लक्षणे स्पष्ट असताना पहिला डोस न देता साठ-सत्तर किलोमीटर पाठवणे म्हणजे उपचाराचे सर्वांत मोलाचे तास रस्त्यावर घालवणे. पहिला डोस जिथे आहे तिथेच सुरू करावा. श्वास कमी पडत असेल तर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताळू शकणारी व्यक्ती सोबत द्यावी आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करून मगच रुग्ण हलवावा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे धैर्य यावे यासाठी गावानेही त्यांच्यामागे उभे राहायला हवे.

हे सगळे ऐनवेळी सुचणे अशक्य आहे, म्हणून मेअखेरीस एक संध्याकाळ काढून प्रत्येक घराने आणि वाडीने काही गोष्टी ठरवाव्यात. आपल्याला सर्वांत जवळ प्रतिविष कुठे मिळते आणि तिथे रात्री डॉक्टर असतात का, हे तिथे जाऊन विचारावे. व्हेंटिलेटर असलेले रुग्णालय कोणते, तेही. १०८ला फोन करायचा, पण डोंगरातल्या वाडीत गाडी पोहोचायला किती वेळ लागतो याचा अंदाज घेऊन दुसरे वाहन कुणाचे, चालवणार कोण, हे नावानिशी ठरवावे. मोबाइलला रेंज कुठे येते ते सगळ्यांना माहीत हवे. मोटारसायकलशिवाय सोय नसेल तर रुग्णाला चालवणारा आणि मागे बसणारा यांच्यामध्ये बसवावे आणि मागच्याने त्याला धरून ठेवावे. एकट्याला मागे बसवले आणि वाटेत शुद्ध हरपली, तर तो खाली पडेल. मुलांजवळ कोण थांबणार, पैसे-कागद कोण घेणार, हेही. ज्या घरात भगतावर श्रद्धा आहे त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. ‘आधी दवाखाना, मग देऊळ’ एवढे भगताच्या तोंडूनच वदवून घेतले, तर आशाताईंचे निम्मे काम होते. काही ठिकाणी भगत स्वतः रुग्णाला गाडीत बसवून देतात, आणि त्यांचा मान त्याने वाढतोच.

घरी मृत्यू होऊन शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकले, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतले दोन लाख रुपयेही कुटुंबाला मिळणे कठीण होते. त्या योजनेत सर्पदंश समाविष्ट आहे, पण पुरावा लागतो.

दंश टाळण्याचे उपाय बहुतेकांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. खाटेवर झोपणे, आणि खाट नसेल तर मच्छरदाणी अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचणे. मण्यारीपासून वाचवणारा याहून स्वस्त उपाय नाही. रात्री बॅटरीशिवाय अंगणातही न उतरणे. शेतात गमबूट. कडब्याच्या गंजीत, शेणींच्या ढिगात, सरपणात हात घालण्याआधी काठीने हलवणे. धान्य घराबाहेर बंद कणगीत, म्हणजे उंदीर कमी आणि त्यांच्यामागे येणारे सापही कमी. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांत खाटा कुठून येणार, हा प्रश्न मात्र कारखान्यांनी आणि मुकादमांनी सोडवायचा आहे. निदान मच्छरदाण्या आणि बॅटऱ्या देणे त्यांना जड नाही. शेतीला रात्री वीज देण्याचेही तसेच. शेतकरी अंधारात, ओल्या बांधावरून, अनवाणी पाणी धरायला जातो, तेव्हा त्याने सावध राहावे असे सांगण्यापेक्षा त्याला दिवसा वीज देणे हे अधिक खरे प्रतिबंधक काम आहे.

केंद्र सरकारने मार्च २०२४मध्ये सर्पदंशाचे मृत्यू २०३०पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आहे. त्यात वृत्तपत्रांचा मोठा हातभार लागू शकतो, म्हणून आपल्याला दोन विनंत्या. सर्पदंशाची बातमी देताना दंशाची वेळ, रुग्णालयात पोहोचल्याची वेळ आणि मधल्या काळात काय केले, एवढे तीन तपशील मृताच्या नावाला धक्का न लावता द्यावेत. वाचून बरे झालेल्या रुग्णांचीही बातमी त्याच तपशिलांसह द्यावी, कारण तशी उदाहरणे लोकांना दिसतच नाहीत. दुसरी विनंती अशी की पेरणीआधीच्या एखाद्या रविवारी प्रत्येक तालुका पानावर एक चौकट छापावी: प्रतिविष असलेली आरोग्य केंद्रे, व्हेंटिलेटर असलेली रुग्णालये आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून तपासून घेतलेले. अक्षर मोठे ठेवावे. ते कात्रण दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले जाईल आणि रात्री बॅटरीच्या उजेडात वाचावे लागेल.

आपले,
ग्रामीण रुग्णालयांत काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका